माडाचे दोन वैरी

माडाचा शेंडा कलला की आमच्या गोव्यात घरोघरी एकच उद्गार निघतो : "भुंगा लागला !" परंतु कोणता भुंगा, हे सहसा कोणी विचारीत नाही.

गेंड्या भुंगा काळाकुळकुळीत असून त्याच्या डोक्यावर शिंग असते. तो शेंड्यात शिरून न उमललेली पाने कुरतडतो. पुढे ती उलगडली म्हणजे कात्रीने कातरलेल्या पंख्यासारखी दिसतात. त्याच्या अळ्या मात्र जिवंत माडास शिवत नाहीत. त्या वाढतात आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात!

सोंड्या भुंगा तांबूस, लांब सोंडेचा. त्याची मादी माडाच्या जखमेत अंडी घालते आणि बिनपायांच्या अळ्या खोडाचा गाभा पोखरतात. बाहेरून दिसते ते एखादे छिद्र व त्यातून पाझरणारा तपकिरी रस. खोडास कान लावल्यास कुरतडण्याचा आवाजही ऐकू येतो. शेंडा कोमेजेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

आमच्या परसातील एक माड असाच गेला. शेंड्यातील गेंड्या तारेने ओढून काढल्यावर आम्ही निर्धास्त झालो, (आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर!) त्याने पाडलेले भोक उघडेच राहिले. सोंड्यास असेच दार हवे असते. चढण्यासाठी खोडास पाडलेल्या खाचाही त्यास चालतात.

म्हणून गेंड्या काढल्यावर भोक बुजवावे आणि झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड मिसळून घालावी. खताचा खड्डाही अधूनमधून उपसावा. वळलेल्या पांढऱ्या अळ्या वर आल्या की कोंबड्या त्यांवर तुटून पडतात.