पंचगंगा, पोलंड आणि त्रिकोण

पेठ वडगावात रेल्वे नाही. गाडी धरायची तर हातकणंगले नाहीतर रुकडी गाठायची. रुकडीहून सुटलेली गाडी वळिवड्याच्या आधी पंचगंगा ओलांडते. या मार्गाच्या आणि एकूणच लोखंडी पुलांच्या काही गमती...

• कोल्हापूर-मिरज रेल्वेचा पायाभरणी समारंभ 3 मे 1888 रोजी शाहू महाराजांच्या हस्ते झाला. महाराजांना चौदावंसुद्धा पुरं झालं नव्हतं! 1891 मध्ये गाडी धावली, तरी राज्याधिकार हाती यायला 1894 उजाडायचं होतं. मग 1895 मध्ये स्टेशनजवळ शाहूपुरी वसली आणि गुळाच्या पेठेला रूळ मिळाले.

• कोल्हापूरचा शिवाजी पूल दगडी कमानींचा. रेल्वेवाल्यांचा जीव मात्र लोखंडात. 1864 मध्ये वसईच्या खाडीवर उभे राहिलेले पूल घ्या. सांगाडे इंग्लंडात घडवले, जहाजातून इकडे आणले आणि इथे जोडले. सगळी मदार त्रिकोणांवर. पटत नसेल तर चार पट्ट्या एकेका खिळ्यानं जोडून चौकट करा, बोटानं ढकलली तरी कलते. आता कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी पाचवी पट्टी ठोका. हलवून दाखवा! म्हणून तर कमी लोखंडात लांब पल्ला मारता येतो.

• पूल उन्हात वाढतो. तीस मीटरचा पोलादी गाळा तीस अंशांच्या फरकानं साधारण सेंटिमीटरभर लांबतो, म्हणून त्याचं एक टोक सरकायला मोकळं ठेवतात. दोन्ही टोकं जखडली तर पूल खांबांनाच रेटायला लागेल.

• दुसऱ्या महायुद्धात मिरजेकडून याच मार्गानं पोलिश निर्वासित आले. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश राहिले. वॉर्साला आज कोल्हापूरचं स्मारक आहे.

• 1971 पर्यंत हा मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांत जेमतेम एक मीटर अंतर. ब्रॉडगेजला 1676 मिलिमीटर लागतात. मात्र पंचगंगा फुगली की गेज कुठलंही असो: 2019 आणि 2021 च्या महापुरात गाड्या बंदच होत्या.

• आणि पानवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. कोलकात्याच्या हावडा पुलाला (1943) लागलेल्या साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी बहुतेक टाटांचं. एवढा दांडगा पूल, पण पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी त्याच्या पोलादी टांगण्यांचे पाय खाल्ले. शेवटी त्यांना फायबरग्लासची आवरणं चढवावी लागली. धुवायला सोपी!