निळ्या पडद्याची नोंद कोण ठेवणार?

पीकविम्याचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीची यादी, परीक्षेचा निकाल यांपैकी संगणकाच्या हवाली झाली नाही अशी बाब आज तालुक्याच्या गावी शोधूनच काढावी लागेल. तिवसा असो वा मोर्शी, नागरिकाचे काम खिडकीपलीकडच्या यंत्रावर अवलंबून असते. आणि नेमक्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी त्या यंत्राचा पडदा एकाएकी निळा होतो, काही इंग्रजी ओळी क्षणभर झळकतात, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते आणि अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होतो. रांगेतल्या माणसाला 'उद्या या' असे सांगण्यात येते. ज्याच्या मुदतीत 'उद्या' उरलेलाच नाही, त्याचे नुकसान मात्र भरून येत नाही.

हे एकदा घडले तर त्याला अपघात म्हणता येईल. आठवड्यातून तीनदा घडू लागले की यंत्र दुरुस्तीला जाते. दुरुस्ती म्हणजे बहुधा एकच: सर्व काही पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालणे, रूढ भाषेत 'फॉर्मॅट मारणे'. पंधरा दिवसांनी पडदा पुन्हा निळा होतो. रोग्याची नाडी न पाहता त्याला नवे कपडे घालावेत, तसा हा उपचार आहे. त्यात रोगाचा पुरावाही पुसला जातो, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कचेरीची उपमा घेतली तर साधे प्रोग्रॅम हे खिडकीबाहेरचे अर्जदार होत. त्यांपैकी एखादा चुकला तर त्याला बाजूला करता येते. कचेरी चालू राहते. नेटवर्कसारख्या यंत्रणांना चालविणारे ड्रायव्हर मात्र बहुधा खिडकीच्या आत बसलेले असतात. स्मृतीच्या सर्व कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या हाताशी असतात. त्यांपैकी एकाने भलत्याच वहीत खाडाखोड केली, तर पुढची कोणती नोंद खरी मानावी हेच कळेनासे होते. अशा वेळी खोटे हिशेब लिहीत राहण्यापेक्षा कर्नेल कचेरीलाच कुलूप लावते. लिनक्समध्ये या थांबण्याला 'कर्नेल पॅनिक' म्हणतात. विंडोज 11 मध्ये 2025 पासून निळा पडदा काळा झाला. रंग बदलला, अर्थ तोच राहिला. तेव्हा हा पडदा म्हणजे स्वतः रोग नव्हे. रोग असल्याची ती वर्दी आहे.

19 जुलै 2024 रोजी साऱ्या जगाने हे अनुभवले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीचा एक भाग विंडोजच्या कर्नेलमध्ये काम करतो. भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी कंपनीने त्यासाठी एक लहानशी फाइल पाठविली. तिच्यातील नियम एकविसावा रकाना तपासू पाहत होता. प्रत्यक्षात पुरविले जाणारे रकाने होते 20. नसलेला रकाना वाचण्याच्या प्रयत्नात कर्नेल कोसळले, यंत्र पुन्हा सुरू झाले, तीच फाइल पुन्हा वाचली गेली आणि यंत्र पुन्हा कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख यंत्रे या फेऱ्यात सापडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कंपनीने 78 मिनिटांत ती फाइल मागे घेतली. पण कोसळलेली बहुतेक यंत्रे एकेक करून 'सेफ मोड'मध्ये सुरू करावी लागली. उपाय होता फक्त ती एक फाइल काढून टाकण्याचा. कारण सापडले म्हणून उपाय इतका लहान झाला.

हीच शिस्त छोट्या कचेरीलाही लागू आहे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. मग आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद करावी, म्हणजे पडद्यावरील संकेतांक वाचून उतरवून घेता येतो. विंडोज फोल्डरमधील 'मिनिडम्प' या कप्प्यात कोसळण्याच्या क्षणाचा पंचनामा बहुधा साठविलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्याच मोफत साधनाने जाणकाराला तो वाचता येतो. दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव आले तर संशय त्याच्यावर. दर वेळी निराळाच संकेतांक आला तर रॅमची रात्रभर चाचणी घ्यावी. पहिल्यांदा यंत्र कोसळले त्याआधी काय बदलले होते, नवा प्रिंटर आला की अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र, हेही विचारावे. आणि एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र बरे झाले, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कधीच कळत नाही.

वऱ्हाडात याखेरीज आणखी तीन संशयित आहेत: ऊन, धूळ आणि वीज. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, पंख्यावर धुळीचा थर बसतो, दाब वरखाली होतो आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच दम तोडून बसलेली असते. कसलीही ओळ न दाखविता यंत्र दुपारीच पटकन विझत असेल, तर ड्रायव्हर शोधण्याआधी पंखा आणि वीजपुरवठा तपासणे शहाणपणाचे. पण 'दुपारीच' हे कळायला वेळेची नोंद हवी.

1947 साली हार्वर्डच्या मार्क-2 संगणकाच्या रिलेत अडकलेला पतंग तेथील चालकांनी चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला. ती गोष्ट गमतीने सांगितली जाते. पण त्या चालकांकडे नोंदवही होती, हे कोणी सांगत नाही. आवकजावकाची वही ठेवणाऱ्या आपल्या कचेऱ्यांना आणि शाळांना आणखी एक वही जड नाही. तारीख, वेळ, चालू असलेले काम, संकेतांक, केलेला उपाय, एवढे पाच रकाने पुरेत. दुरुस्तीच्या बिलावर 'फॉर्मॅट केले' एवढेच न लिहिता कारण लिहून देण्याचे बंधन घालावे. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे पंचनामे वाचायला दिले, तर पाठ्यपुस्तकाबाहेरचे शिक्षणही होईल. ग्रामगीतेचे कर्ते तुकडोजी महाराज यांचा गुरुकुंज आश्रम तिवसा तालुक्यातच मोझरीला आहे. गावाने आपली व्यवस्था आपल्या बळावर सांभाळावी, हा विचार तेथे नवा नाही. त्या व्यवस्थेत आता संगणकही आला आहे, एवढेच.