शोधनिबंधाचा स्वामित्वहक्क आणि प्राध्यापकाची स्वाक्षरी

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्राप्त झाला आणि ते अभ्यासकांचे आवडते क्षेत्र बनले. परंतु या गावावरील कित्येक निबंध शुल्क भरल्याविना त्या गावकऱ्यांनाही वाचता येत नाहीत. लेखकाने आपला निबंध संकेतस्थळावर खुला ठेवावा, तर तेही नेहमी शक्य नसते.

वास्तविक, कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार निबंधाचा प्रथम स्वामी सामान्यतः लेखकच असतो. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. मात्र प्रकाशकांच्या नमुन्यात बहुधा ‘संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असे शब्द असतात. पदोन्नतीच्या गुणांच्या घाईत आपण ते वाचत नाही. प्रस्तुत लेखकानेही वाचले नव्हते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठीच्या छायाप्रतींना संरक्षण दिले. तथापि तो आधार संकेतस्थळावरील खुल्या प्रतीस पुरेल असे मानणे धाडसाचे ठरेल. अनेक प्रकाशक मात्र निबंधाची स्वीकृत, परंतु त्यांनी न मांडलेली प्रत काही काळानंतर महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवू देतात. ग्रामसभेच्या हाती द्यावयाची प्रत ती हीच. स्वाक्षरीपूर्वी करारात तेवढे कलम शोधावे, नसल्यास लेखी मागावे.