शुश्रूषा केंद्राची पारख : जे बोलू शकत नाहीत, त्यांच्याकडे पाहा

अर्धांगाचा झटका येऊन गेलेले वडील, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आई, मांडीचे हाड मोडल्यानंतर पुन्हा उभी न राहिलेली आत्या. अशा व्यक्तीची शुश्रूषा घरीच व्हावी, अशी बहुतेक कुटुंबांची इच्छा असते आणि काही काळ ती पुरीही होते. पुढे मात्र करणाऱ्याचीच पाठ धरते, रात्रीची झोप उडते, ठरवलेली बाई दोन महिन्यांत काम सोडते आणि एके दिवशी शुश्रूषा केंद्राचा विचार करावा लागतो. हा विचार मनात येणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. योग्य केंद्र निवडणे आणि निवडल्यानंतरही लक्ष ठेवणे, हा त्याच कर्तव्याचा पुढचा भाग आहे.

अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांना २००८ पासून सरकारी तपासणीच्या आधारे एक ते पाच तारे दिले जातात आणि ते कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे कुटुंबांना तशी सोय नाही. पारख आपल्यालाच करावी लागते आणि ती बहुधा घाईत, रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या आदल्या दिवशी होते. म्हणूनच गरज पडण्यापूर्वी दोन-तीन केंद्रे पाहून ठेवावीत. आपण स्वतः ज्येष्ठ असाल आणि अजून हिंडते-फिरते असाल, तर मुलांना सोबत घेऊन आपणच ती पाहावीत. आपल्या उतारवयाची जागा आपण निवडलेली असणे, यात मोठे समाधान आहे.

नाव एक, संस्था अनेक

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे बहुधा लहान खासगी रुग्णालय. त्याची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते. वृद्धाश्रम निराळा, तेथे स्वतःचे आवरू शकणाऱ्या ज्येष्ठांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था असते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी चालणारी केंद्रे या दोहोंच्या मधली. काही न्यासाच्या नावावर असतात, काही खासगी, तर काही चक्क भाड्याच्या बंगल्यात चालतात. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : ही संस्था कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या नावाने नोंदलेली आहे? नोंदणीचे आणि अग्निसुरक्षेचे कागद दाखवायला प्रामाणिक संस्था खळखळ करीत नाही. मात्र कागद चोख असले म्हणजे सेवाही चोख असते, असे समजू नये.

खरी कसोटी

बाग, देवघर, दूरदर्शन संच असलेली बैठकीची खोली, सणांची छायाचित्रे हे सारे चांगलेच. पण ते पाहुण्यांना दिसावे असेच मांडलेले असते. जो चालू-बोलू शकतो, तो आपले मागून घेतो. पाणी हवे तर हाक मारतो, भात कच्चा राहिला तर कुरकुरतो. केंद्राची परीक्षा होते ती हाक मारू न शकणाऱ्याच्या खाटेपाशी. म्हणून केंद्र पाहायला जाल तेव्हा, तेथील रहिवाशांचा संकोच राखून आणि परवानगी घेऊन, सर्वांत परावलंबी रुग्णांच्या खोलीतून एक फेरी अवश्य मारा. ती खोली दाखवायचीच नाही, असे धोरण असेल तर त्यातून काय समजायचे ते समजावे.

तेथे गेल्यावर लहान गोष्टी पाहा. नखे कापलेली आहेत का? ओठ कोरडे पडून भेगाळले आहेत का? कवळी धुतलेली आणि तोंडात आहे, की कपाटात? चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, श्रवणयंत्र कानात असून चालू आहे का? ज्याला ऐकू येत नाही आणि धड दिसतही नाही, तो माणूस लवकरच ‘काही समजत नाही’ या सदरात ढकलला जातो. प्यायचे पाणी हाताशी आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला? खाटेजवळची घंटा वाजते का, आणि वाजल्यावर कोणी किती वेळात येते?

वासही बोलतो. एखाद्या खोलीत नुकतेच कोणाचे कपडे खराब झाले असतील, तर तेवढ्यापुरता वास येणारच. साऱ्या व्हरांड्यात मुरलेला वास मात्र तासन्‌तास न बदललेल्या लंगोटांचा असतो. फिनेलचा उग्र दर्प आला, तर तो कशावर पांघरूण घालतो आहे, हेही पाहावे.

त्वचा खोटे बोलत नाही

अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती न बदलल्यास माकडहाड, नितंब, खुबे, टाचा अशा हाडांच्या उंचवट्यांवर दाब राहून शय्याव्रण म्हणजेच ‘बेडसोअर’ होतात. सुरुवातीला जागा लाल दिसते आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती लाली जात नाही. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तेथे भाग भोवतालच्या त्वचेपेक्षा काळपट, गरम किंवा घट्ट लागतो. या टप्प्यावर दाब काढला तर त्वचा सावरते. दुर्लक्ष झाल्यास जखम खोल जाऊन हाडापर्यंत पोहोचू शकते आणि जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. हवेची गादी उपयोगी असते, पण ती कूस बदलण्याला पर्याय नाही.

केंद्राला स्पष्ट विचारावे : सध्या येथे किती जणांना शय्याव्रण आहेत? त्यांपैकी किती येथे आल्यानंतर झाले? कूस बदलल्याची वेळ कोठे लिहिली जाते? दाखल करताना परिचारिकेसमक्ष अंगावरच्या जखमा पाहून त्यांची लेखी नोंद करून घ्यावी. पुढचे अनेक वाद त्यामुळे टळतात.

ताट आणि वजन

जेवणाचा तक्ता वाचण्यापेक्षा जेवणाच्या वेळी जाणे चांगले. स्वतःच्या हाताने खाता न येणाऱ्यांना कोण भरवते? भरवणारी मावशी शेजारी बसून, एक घास गिळला गेल्यावर दुसरा देते, की उभ्याने चमचे कोंबते? गिळण्याचा त्रास असणाऱ्यास आडवे ठेवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला ताठ बसवून भरवावे आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवावे. गुरगुट्या भात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असे गिळता येईल ते मिळते का, की सर्वांना एकच पोळी-भाजी? एकादशीला सवयीने ‘आज उपास’ म्हणणाऱ्या मधुमेही आजींची साखर उतरू नये म्हणून कोणी काही योजते का?

या साऱ्याचा हिशेब वजनकाट्यावर दिसतो. प्रत्येक रहिवाशाचे वजन महिन्यातून एकदा तरी नोंदले गेले पाहिजे. प्रयत्न न करता एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटले, तर डॉक्टरांनी कारण शोधायला हवे. ५० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत महिन्याला अडीच किलो म्हणजे ही धोक्याची रेषा.

शांतता कशाची?

दुपारच्या वेळी सारे केंद्र निःशब्द आणि सगळेच झोपलेले दिसले, तर कौतुक करण्यापूर्वी औषधांचा तक्ता पाहावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ‘शांत ठेवण्यासाठी’ मनोविकारांवरील गोळ्या देण्याची प्रथा अनेक देशांत आढळली आहे. अशा वृद्धांमध्ये या वर्गातील नव्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला होता. काही रुग्णांना ती आवश्यक असतात. पण कोणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी आणि पुनर्विचार केव्हा होणार, हे कुटुंबाला माहीत असलेच पाहिजे. हात खाटेला बांधण्याविषयीही सरळ विचारावे. ‘पडू नयेत म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत अधिक जखमी होऊ शकतो, शिवाय हालचाल थांबल्याने त्याची उरलीसुरली ताकदही जाते.

कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज अचानक बरळू लागली किंवा गुंगीत गेली, तर ‘वयामुळे’ म्हणून ते सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, औषधाचा परिणाम किंवा साखर उतरणे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी डॉक्टर किती वेळात येतात, कोणत्या रुग्णालयाशी व्यवस्था आहे, रुग्णवाहिका कोठून येते, हे आधीच विचारून ठेवावे.

माणसे किती, आणि कशी?

एकूण कर्मचारी किती, हा प्रश्न फसवा आहे. रात्री दोन वाजता किती रुग्णांमागे किती जागी माणसे असतात आणि त्यांत प्रशिक्षित परिचारिका किती, हे विचारावे. मावशी आणि मामा येथे किती वर्षे आहेत, त्यांना आठवड्याची सुटी मिळते का, हेही विचारावे. थकलेल्या, पगार रखडलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा धरणे अन्याय्य आहे. त्यांच्या बोलण्याकडे कान द्या. ‘आजी, आता कुशीवर वळूया हं’ असे सांगून हात लावणारी मावशी आणि ‘सात नंबरचा डायपर झाला का?’ असे डोक्यावरून ओरडणारी मावशी, या दोघींतील अंतर कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. अंग पुसताना पडदा ओढला जातो का, एवढ्यावरूनही बरेच कळते.

करार आणि कायदा

करारावर सही करण्यापूर्वी तो घरी आणून वाचावा. मासिक शुल्कात काय येते आणि डायपर, औषधे, फिजिओथेरपी, खास मदतनीस यांचे वेगळे किती. अनामत रक्कम केव्हा व किती परत मिळेल. रुग्णालयात हलवल्यास त्या दिवसांचे काय. मृत्यूनंतर हिशेब कसा होईल, हे लेखी असावे. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येते, याची जाणीव ठेवावी. छळ किंवा हेळसांड होत असल्यास १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या निःशुल्क राष्ट्रीय मदत क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. २००७ च्या ज्येष्ठांविषयीच्या कायद्यानुसार, ज्यांची जबाबदारी आपल्यावर आहे अशा ज्येष्ठांना कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कोठेही टाकून जाणे हा गुन्हा आहे, हेही कुटुंबाने विसरू नये.

दाखल केल्यानंतर

पहिले काही आठवडे कठीण असतात. ‘मला घरी ने’ हे शब्द ऐकवत नाहीत. त्यावरून लगेच केंद्र वाईट ठरवू नये. पण तक्रार उडवूनही लावू नये. एकांतात, शांतपणे विचारावे. भेटीची वेळ बदलत राहावी : कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, कधी दिवेलागणीला. मुले परदेशी असतील, तर गावातील एका नातेवाइकाने किंवा स्नेह्याने ही जबाबदारी नेमून घ्यावी. दूरध्वनीवरच्या दृश्यसंवादात चेहरा दिसतो. टाचा आणि पाठ दिसत नाहीत.

दोष दिसला तर प्रथम परिचारिकेशी, मग व्यवस्थापकाशी बोलावे आणि तारीख घालून लेखी द्यावे. दुरुस्ती झाली तर धन्यवादही तितक्याच आवर्जून द्यावेत. चुका प्रत्येक ठिकाणी होतात. चूक दाखवल्यावर संस्था ती मान्य करते की रुग्णावर राग काढते, यावरून तेथे राहायचे की नाही ते ठरवावे.

ज्याच्याकडे नियमितपणे कोणी येते, त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचेही लक्ष अधिक राहते; हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून जाल तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या, ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशा आजोबांचीही विचारपूस करा. त्यांच्या ओठांना पाणी लागले आहे का, तेवढे पाहा. आपल्या माणसाची पाळी येईल तेव्हा दुसरे कोणी तसेच पाहील.