संवादी वस्त्रे (वास्तुकला)

प्रकाश, उष्णता, आर्द्रता, स्पर्श किंवा माणसाची हालचाल यांना प्रतिसाद देऊन ज्यांचा रंग, आकार, उजेड वा सच्छिद्रता बदलते, अशा वस्त्रांना संवादी वस्त्रे म्हणतात. वास्तुकला आणि अंतर्गत सजावटीत त्यांचा वापर पडदे, गालिचे, भिंतीवरील आच्छादने, छते आणि इमारतींची बाह्य आवरणे यांसाठी होतो. नेहमीचा पडदा माणसाने ओढावा लागतो; संवादी पडदा परिस्थितीनुसार स्वतः बदलतो.

कार्यपद्धती

या वस्त्रांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रतिसाद हा पदार्थाचाच गुणधर्म असतो आणि त्याला विजेची गरज नसते. ठरावीक तापमानाला रंग बदलणारी रंगद्रव्ये, वितळताना उष्णता शोषून घेणाऱ्या मेणाच्या सूक्ष्म कुप्या आणि ओलाव्याने फुगणारे तंतू ही त्याची उदाहरणे होत.

दुसऱ्या प्रकारात संवेदक, नियंत्रक आणि क्रिया घडवणारा घटक अशी साखळी असते. चांदीचा मुलामा दिलेले नायलॉन किंवा पोलादाचे बारीक तंतू कापडात विणले जातात. हात जवळ आल्यावर अशा धाग्यांची विद्युतधारिता बदलते. नियंत्रक तो बदल ओळखून दिवा लावतो किंवा पडदा सरकवतो. उजेडासाठी प्रकाशीय तंतू वा एलईडी, तर हालचालीसाठी लहान मोटारी किंवा तापवल्यावर मूळ आकारात परतणारा नायटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू वापरतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

वाळ्याचा पडदा हे पहिल्या प्रकाराचे जुने देशी उदाहरण मानता येते. वाळा या गवताची सुगंधी मुळे विणून केलेला हा पडदा उन्हाळ्यात दारा-खिडक्यांवर टांगून भिजवला जातो. त्यातून वाहणाऱ्या हवेतील उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनासाठी खर्च होते आणि खोलीत गार हवा येते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटइतकी उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जलद. त्यामुळे पडद्याचा प्रतिसाद हवामानानुसार आपोआप बदलतो.

याच कारणामुळे हा उपाय सर्वत्र सारखा उपयोगी पडत नाही. विदर्भ, मराठवाडा आणि पुण्याच्या परिसरात एप्रिल-मेमधील दुपारची हवा कोरडी असल्याने तो परिणामकारक ठरतो. मुंबई व कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडील हिंजवडी, मारुंजी, नेरे या भागात पाऊस त्यामानाने कमी असतो. एकाच तालुक्यातील इमारतींसाठीही वस्त्राची निवड त्यामुळे वेगळी करावी लागते. या पट्ट्यात माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे काचेच्या दर्शनी भागांच्या इमारती उभ्या राहिल्या असून, अशा इमारतींत ऊन काचेच्या आत येण्यापूर्वीच बाहेर अडवणारे आवरण आतील पडद्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

तांत्रिक वस्त्रांच्या बारा वर्गांपैकी ‘बिल्डटेक’ आणि ‘होमटेक’ हे दोन वर्ग या विषयाशी निगडित आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला मंजुरी दिली. महाराष्ट्रात मुंबईतील बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आणि इचलकरंजीतील डीकेटीई या संस्थांमध्ये तांत्रिक वस्त्रांवर काम चालते.

जगातील उदाहरणे

अबु धाबीतील अल बहार मनोऱ्यांवर (२०१२) टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाच्या दोन हजारांहून अधिक छत्र्या आहेत. सूर्याच्या स्थितीनुसार त्या उघडतात व मिटतात. हॅम्बुर्ग येथील ‘सॉफ्ट हाउस’ (२०१३) या शीला केनेडी यांच्या संस्थेने आखलेल्या घरांवर सौरघट बसवलेल्या कापडी पट्ट्या सूर्याच्या दिशेने वळतात, तर आतील सरकत्या पडद्यांत एलईडी बसवलेले आहेत.

मर्यादा

कापड सतत वाकते, पण त्यातील विद्युतजोड ताठर असतात. म्हणून बिघाड बहुधा जोडांपाशी होतो. धुलाई, धूळ आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे धातूचे धागे गंजू शकतात. धातू, प्लास्टिक आणि सूत एकत्र विणलेले असल्याने टाकाऊ वस्त्राचे घटक वेगळे करणे अवघड जाते. वाळ्याचा पडदा मात्र मातीत कुजून जातो. सार्वजनिक इमारतींत अशा वस्त्रांची अग्निरोधकताही तपासावी लागते. माणसाची चाल नोंदवणारे गालिचे वृद्धांच्या पडण्याची सूचना देऊ शकतात, मात्र त्याच नोंदींतून घरातील माणसांच्या हालचालींवर पाळतही ठेवता येते. त्यामुळे ही माहिती कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न वस्त्राच्या रचनेइतकाच महत्त्वाचा ठरतो.