केसांत लपवलेले बियाणे : कॅरिबियन लोककथा आणि वनस्पतींचे ज्ञान

इतिहासाच्या अभ्यासात पहिला प्रश्न असतो तो साधनांचा. कागद कोणी लिहिला आणि कोणासाठी लिहिला? कॅरिबियन प्रदेशाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. जमैका, हैती, त्रिनिदाद यांसारखी बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गयाना, सुरीनाम हे देश या प्रदेशात येतात. १६ व्या शतकापासून १९ व्या शतकापर्यंत लक्षावधी आफ्रिकी स्त्री-पुरुषांना जहाजांत कोंबून येथे आणले गेले आणि उसाच्या मळ्यांवर राबवले गेले. मळेवाल्यांच्या वह्यांत साखरेच्या पिंपांची नोंद आढळते. गुलामांची संख्या आणि किंमतही आढळते. परंतु या माणसांना कोणते बी पेरता येत होते, कोणते फळ केव्हा खावे हे त्यांना कसे कळले, याची नोंद ठेवण्याची गरज मालकांना क्वचितच वाटली. ज्यांच्याजवळ हे ज्ञान होते, त्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले होते. त्यांचे ग्रंथालय म्हणजे त्यांच्या गोष्टी.

या गोष्टींतील सर्वांत बोलकी गोष्ट भाताची आहे. मळ्यावरून निसटून जंगलात स्वतंत्र वस्त्या उभारणाऱ्या लोकांना ‘मरून’ असे म्हणतात. सुरीनामच्या घनदाट अरण्यात त्यांचे अनेक समाज निर्माण झाले. त्यांपैकी सारामाका समाजाशी १७६२ साली डच सत्तेला तह करावा लागला. या समाजात पांझा नावाच्या पूर्वज स्त्रीची कथा सांगितली जाते. मळ्यावरून पळताना पांझाने भाताचे दाणे आपल्या केसांत लपवले आणि तेच बियाणे जंगलातील शेतात रुजले, अशी ही कथा आहे. गुलामांच्या जहाजावर एका मातेने आपल्या मुलांच्या केसांत साळीचे दाणे दडवले, असेही अन्य मरून वस्त्यांत सांगतात. काही भातांच्या जातींना अशा पूर्वज स्त्रियांचीच नावे आहेत. बियाण्याच्या नावातच त्याचा इतिहास जपून ठेवला गेला.

‘ही तर आजीबाईची गोष्ट’ असे म्हणून विद्वानांनी अशा कथा दीर्घकाळ बाजूला ठेवल्या. वास्तविक पश्चिम आफ्रिकेत भाताची एक स्वतंत्र जात हजारो वर्षांपासून पिकवली जाते. आपण खातो त्या आशियाई भाताहून ती वेगळी आहे. सुरीनामच्या मरून स्त्रिया जो काळसर भात पूर्वजांच्या स्मरणविधीसाठी जपतात, तो याच आफ्रिकी जातीचा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात त्याचे निकटचे साम्य पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशातील भाताशी आढळले. कोणत्या स्त्रीच्या केसांतून कोणता दाणा आला, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. मात्र हे बियाणे आफ्रिकेतून आले आणि आफ्रिकी वंशाच्या हातांनी ते राखले, या कथेच्या गाभ्याला आज शास्त्राचा आधार मिळाला आहे.

जमैकातील मरूनांची नेती नॅनी हिची कथाही अशीच आहे. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात ती इंग्रज सैन्याशी लढली. आज ती त्या देशाची राष्ट्रीय वीरांगना मानली जाते आणि तेथील ५०० डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. कथा सांगते की, डोंगरात अडकलेले तिचे लोक उपासमारीने खचले आणि शरण जाण्याचा विचार तिच्या मनात आला. त्या रात्री पूर्वजांनी तिला धीर दिला. सकाळी तिला आपल्याजवळ भोपळ्याच्या बिया सापडल्या. त्या तिने डोंगरउतारावर पेरल्या आणि थोड्याच दिवसांत वेल फळांनी लगडले. त्या टेकडीला आजही ‘पम्पकिन हिल’ म्हणतात.

लाल भोपळ्याला पिकायला सुमारे तीन महिने लागतात. तो काही दिवसांत येत नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल. मग या कथेत सत्य काय? नांगर न चालणाऱ्या उतारावर भोपळा पसरतो, त्याला मशागत थोडी लागते आणि पिकलेले फळ दीर्घकाळ टिकते. शत्रू पिके जाळत असताना कोणते पीक माणसांना जगवील, याचे उत्तर कथेने चमत्काराच्या वेष्टनात बांधून दिले. वेष्टन बाजूला सारून आतला दाणा घ्यावा, हीच चिकित्सक वाचनाची रीत होय.

कधी हे ज्ञान एका म्हणण्यात सामावते. अ‍ॅकी हे जमैकाचे राष्ट्रीय फळ. खारवलेल्या माशाबरोबर ते आवडीने खाल्ले जाते. परंतु कच्चे अ‍ॅकी विषारी असते. त्याने उलट्या होऊन मृत्यूही ओढवतो. फळ झाडावरच ‘हसले’, म्हणजे आपोआप उकलले, की मगच ते तोडावे, असे मुलांना शिकवले जाते. त्यातील विषद्रव्य शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात वेगळे केले. ही शिकवण त्याआधीपासून स्वयंपाकघरात होती. हे झाड १८ व्या शतकात पश्चिम आफ्रिकेतून जमैकात आले. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र ते १७९३ साली लंडनला नेणाऱ्या कप्तान ब्लाय यांचे नाव आहे. हसऱ्या फळाची खूण ज्यांनी शोधली, त्यांची नावे कोठेच नाहीत.

सर्वच कथा सारख्या तोलाच्या नसतात. त्रिनिदाद आणि जमैका येथे पांढऱ्या सावरीच्या प्रचंड वृक्षात भुतांचा वास असतो असे मानतात. त्या भीतीने अनेक वृक्ष कुऱ्हाडीपासून वाचले असतील. तरीही भीती म्हणजे ज्ञान नव्हे. झाड राखावे ते भुताच्या धाकाने नव्हे, तर त्याचे मोल कळल्यामुळे. कथेचा आदर करावा आणि तिला प्रश्नही विचारावेत.

आजच्या घानामधील अकान लोकांनी आपल्याबरोबर अनान्सी नावाच्या धूर्त कोळ्याच्या कथा नेल्या. तेथील एका झाडाला कॅलबॅश म्हणतात. त्याच्या कठीण कवचाची फळे पोखरून भांडी करतात. अनान्सीने जगातील सारे शहाणपण अशा एका भांड्यात भरले आणि उंच झाडावर लपवायला निघाला. भांडे पोटाशी बांधल्याने त्याला चढता येईना. खाली उभे असलेले एक मूल हसून म्हणाले, ‘ते पाठीला बांध ना!’ एवढे शहाणपण बाहेर उरलेच कसे, या संतापात त्याच्या हातून भांडे निसटले, फुटले आणि शहाणपण सर्वांच्या वाट्याला आले.

ज्ञान एकाच्या मुठीत राहू शकत नाही, हे ज्यांना शाळा नाकारली गेली त्यांनी आपल्या मुलांना असे शिकवले. जमैकातील अनान्सी कथांचा संग्रह मार्था बेकविथ यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला, म्हणून त्या आज आपल्यापर्यंत पोहोचतात. ज्या कथा कोणी लिहिल्या नाहीत, त्या सांगणाऱ्यांबरोबरच गेल्या. आपल्याही घरात बियाण्याची आणि रानभाज्यांची पारख असलेल्या वृद्ध स्त्रिया आहेत. शिकलेल्या पिढीने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि त्यांखाली सांगणारीचे नाव अवश्य लिहावे.