मुठीवरील रुपेरी वेल

कपिलधारला मन्मथस्वामींच्या कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस गेलो असता, ज्या स्नेह्यांकडे उतरलो त्यांच्या देवघरातील, दसऱ्यास पूजिल्या जाणाऱ्या तलवारीच्या मुठीवर रुपेरी वेल दिसली.

ही कोफ्तगिरी. पोलादाचा पृष्ठभाग सूक्ष्म, परस्परछेदी रेघांनी खरखरीत करून त्यावर सोन्यारुप्याची तार ठोकून बसवितात. तहनिशान या पद्धतीत मात्र खोबण कोरून तार आत गाडीत असल्याने ते काम अधिक चिरस्थायी, आणि माझ्या मते अधिक देखणेही.

कित्येक हिंदुस्थानी पात्यांवर २, ४, ६, ८ या अंकांचे ‘बदूह’ नामक चौकोनी यंत्रही आढळते. शस्त्रधारकाच्या रक्षणार्थ कोरलेला तो ताईतच होय.

कोफ्तगिरी केलेली मूठ राखेने किंवा चिंचेने कदापि घासू नये. कोफ्तगिरीचा पातळ थर कायमचा निघून जातो. आपल्या घरी असे शस्त्र असल्यास ते साफ करण्यापूर्वी जाणकारास अवश्य विचारा.